बर्फाचा झगा

अँटवर्प बंदर
४ मे १९९६

ताई,

आशीर्वाद आधी दे, शिव्या नंतर. इतके दिवस पत्र नाही म्हणून तू दुकानाच्या फळीवर हात आपटून माझा उद्धार करत असशील, तो मला इथपर्यंत ऐकू येतो.

हे पत्र पोचेल त्याच्या आगेमागे आमच्या कंपनीची साखर भरायला येणारी बोट आपल्या बेटावर सान पेद्रोला लागेल आणि एक लाकडी खोकं उतरवेल. त्यावर 'ओनेइदा पोलान्को यांचं दुकान' असं मी मोठ्या अक्षरांत लिहिलंय. आत भुसा आहे आणि भुशात बाटल्या. एकही फुटली तर बोटीवाल्यांना सोडू नकोस.

नाताळच्या सुट्टीत तुझ्या दुकानासमोरच्या बाकावर बसून जे बोललो ते मी विसरलो असेन असं वाटत असेल, तर तू भावाला ओळखलंच नाहीस. तू म्हणालीस, "बावीस वर्षं बोटीवर खपलास, जगभर फिरलास, आपल्या बिअरसारखी बिअर बघितलीस कुठे? मग कशाला फिरतोस?" मी हसलो. तू चिडलीस. आणि अख्ख्या बाकासमोर पैज लागली. मी बंदराबंदरातून बाटल्या पाठवायच्या आणि बाकाने त्या आपल्या बिअरशी ताडून बघायच्या, डोळे मिटून, त्याच छोट्या प्लास्टिकच्या पेल्यांतून. सगळ्या हरल्या तर जानेवारीत करार संपला की मी भटारखान्याची किल्ली कप्तानाला देऊन कायमचा घरी येणार. एक जरी जिंकली तरी पुढच्या तीन वर्षांवर सही करणार, आणि तू 'परत ये, परत ये' हे तुणतुणं बंद करणार.

कप्तानाने नव्या कराराचा कागद आत्ताच करून ठेवलाय. माझ्या हातच्या रश्शाला चटावलाय बिचारा.

खोक्यात तीन देशांच्या आहेत. एक जर्मनीची, गव्हाची. एक इंग्लंडची, काळी. आणि एक बेल्जियमच्या मठातली. साधू लोक ती बनवतात, तीही म्हणे न बोलता. तुझ्या बाकावर न बोलता आजवर काही झालेलं नाही, म्हणून मुद्दाम पाठवतोय. निकाल बेनान्सियोनेच द्यावा. माणूस जन्मभर बेसबॉलचा पंच होता, शिव्या खाऊन निकाल द्यायची सवय आहे त्याला.

तुझा,
नेमेसियो


सान पेद्रो दे माकोरिस
१९ जून १९९६

नेमेसियो,

देव तुझं भलं करो आणि थोडी अक्कलही देवो.

खोकं पोचलं. एलिहियो गवंड्याने बंदरावरून त्याच्या विटांच्या गाडीत घालून आणलं आणि वाटेत प्रत्येकाला सांगत आला की यात जगातल्या बाटल्या आहेत. खोकं दारात आलं तेव्हा दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती.

पाहुण्या बाटल्या, त्यांचा मान राखला पाहिजे. म्हणून त्यांना रात्रभर फ्रीजरच्या अगदी तळाशी ठेवलं, जिथे मी फक्त बाकावरच्या माणसांचा माल ठेवते. सकाळी बघते तर जर्मनीवालीचे दोन तुकडे आणि मध्ये पिवळा बर्फाचा गोळा. बेनान्सियोने तो चमच्याने खरवडून खाल्ला, अंगठा खांद्यावरून मागे फेकला आणि ओरडला, "आऊट!"

इंग्लंडवाली लोखंडी पळी चाटल्यासारखी लागली. एलिहियो म्हणाला, तिकडे पाऊस फार, तेच पाणी बाटलीत भरत असतील. आऊट.

मठातलीचं काय सांगू! बर्फाचा झगा असा काही चढला होता तिच्यावर की बघत राहावं. खांद्यापासून पायापर्यंत पांढरी शुभ्र, चर्चच्या दारात उभी राहिलेली नवरीच. बाकावरचे सगळे टोप्या काढून उभे राहिले. आणि चव? चव काहीच नाही रे. गार. नुसती गार. साधू गप्प बसतात ते बरोबरच आहे, बिअरबद्दल सांगण्यासारखं काही नसेल त्यांच्याकडे. आऊट.

मग आपली उघडली. मोठी बाटली, तीही झगा घालून. एक घोट घेतला आणि सगळा बाक एका सुरात "आऽह" म्हणाला. सांगायला आनंद होतो की आपण तिन्ही सामने जिंकले. बेसबॉलमध्ये आपल्या गावाला हे सुख नाही, निदान इथे तरी असू दे.

पत्रावर डाग दिसतील ते सिमेंटचे. एलिहियो सध्या दिवसभर गच्चीवर असतो. गच्ची गळत होती. बाकी काही नाही.

तुझी ताई,
ओनेइदा


हँबर्ग
११ ऑगस्ट १९९६

ताई,

तुझं पत्र वाचून मी भटारखान्यात कपाळाला हात लावून बसलो. कांदा करपला. पंचवीस खलाशांनी त्या दिवशी करपलेला भात खाल्ला आणि त्याचं पाप तुझ्या डोक्यावर आहे.

गोठवलीस! मठातली बाटली गोठवलीस! अगं, जीभच बधिर केल्यावर तिला बिचारीला काय कळणार? दाताच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर मी तुझ्यापुढे सांकोचोचा रस्सा ठेवला तर त्यात मीठ किती ते सांगशील का? ती बिअर तळघराच्या गारव्यात प्यायची असते. तिला वास असतो. पेल्यात ओतल्यावर नाक आधी आत घालायचं, तोंड नंतर. हे मी तुला आधी सांगायला हवं होतं, पण माणूस आपल्या बहिणीला नाक कुठे घालायचं हे शिकवायला जात नाही. ते तुला येतंच.

हा निकाल मला मान्य नाही. त्याच तिन्ही बाटल्या पुन्हा पाठवतोय, दोन-दोन. सोबत एक जपानची आणि एक चेक लोकांची. आता नीट ऐक. फ्रीजरमधून काढ, फळीवर ठेव आणि अंगावरचा झगा पूर्ण उतरेपर्यंत कोणाला हात लावू देऊ नकोस. नवरीचा झगा उतरेपर्यंत धीर धरायचा असतो, हे एलिहियोसारख्या विधुराला तरी आठवत असेल.

आणि हो, गच्ची गळत होती तर डांबर लागतं, सिमेंट कशाला? डांबर तर गेल्याच वर्षी घातलंस. एलिहियो जेवतो कुठे?

तुझा,
नेमेसियो


सान पेद्रो दे माकोरिस
२८ सप्टेंबर १९९६

नेमेसियो,

देव तुझं भलं करो. माझं तू होऊ देणार नाहीस असं दिसतंय.

तुझ्या शब्दाला मान दिला. दुसरं खोकं आलं, आणि सोमवारी दुपारी मठातली बाटली फ्रीजरमधून काढून फळीवर ठेवली. झगा वितळला, पाणी ओघळलं, शेवटी उघडी बोडकी बाटली भर दुपारी माझ्या दुकानात उभी. मला स्वतःलाच तिच्याकडे बघवेना.

आधी शेजारची मिलाग्रोस आली. "ओनेइदा, वीज गेली का गं? आमच्याकडे तर आहे." मी म्हटलं, आहे. तिने बाटलीला बोट लावून बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि तेल न घेताच गेली. मग कोपऱ्यावरचा न्हावी आला आणि माझा फ्रीजर बिघडला असेल तर त्याचा मेहुणा दुरुस्त करतो म्हणून सांगून गेला. संध्याकाळी कोणीतरी माझ्यासाठी कोंबडीचं सूप पाठवलं, वर निरोप, "काळजी घे, या वयात असं होतं." आणि बेनान्सियोने तर साफ नकार दिला. म्हणाला, "मैदानावर पाणी साचलं असेल तर सामना होत नाही. आधी हिला गार कर."

चाळीस वर्षं या फळीमागे उभी आहे मी. आईने दुकान दिलं तेव्हा एकच गोष्ट सांगितली होती, की उधारी बुडाली तरी चालेल, पण बिअर झग्याशिवाय देऊ नकोस. तुझ्या साधूंसाठी मी आईचा शब्द मोडणार नाही. सगळ्या बाटल्या उचलून परत तळाशी ठेवल्या. दुसऱ्या दिवशी निकाल लागला. जपान आऊट, चेक आऊट, बाकीच्या पुन्हा आऊट. पहिल्या तिघींची एकेक शिल्लक आहे, ती मी ठेवून दिलीय, तू आलास की स्वतःच पिऊन बघ.

एलिहियो दुपारचा इथेच जेवतो, कारण घरी जाऊन येईपर्यंत त्याचं कालवलेलं सिमेंट वाळतं. काल आम्ही दोघं जाऊन एक पलंग बघून आलो. महोगनीचा, चांगला ऐसपैस. माझा जुना पलंग पाठीला टोचतो. बाकी काही नाही.

तुझी ताई,
ओनेइदा


रॉटरडॅम
२६ ऑक्टोबर १९९६

ताई,

आशीर्वाद दे. आणि या वेळी माझाही घे.

मी भोळा असेन, पण एवढा नाही. गच्चीवर सिमेंट, दुपारचं जेवण, दोघांनी जाऊन बघितलेला ऐसपैस पलंग. जिथे ओनेइदा पोलान्को 'बाकी काही नाही' म्हणते, तिथे सगळं काही असतं. लाजतेस कशाला? एलिहियो चांगला माणूस आहे. घोरतो, पण घोरतेस तूही. त्याला माझ्याकडून सांग, की रोज आंघोळ कर, बाकावर बसल्या बसल्या बूट काढू नकोस, आणि माझ्या ताईला कधी रडवलंस तर बोटीवरचा मोठा सुरा माझ्याच ताब्यात असतो. बस्स, माझी एवढीच अट. वाजतगाजत लग्न करा.

आता एक खरं सांगतो. पहाटे पाव मळताना माझ्या डोक्यात रोज एकच विचार घोळतो, की मी परत आलो तर झोपणार कुठे? दुकानामागची खोली आता तुमची दोघांची. मी तांदळाच्या पोत्यांवर? बोटीवरची माझी फळी अरुंद आहे, कूस बदलली तर भिंतीला नाक लागतं, पण ती माझी आहे. सुट्टीत घरी येतो तेव्हा सगळे प्रेमाने "कधी आलास" विचारतात आणि लगेच "परत कधी जाणार" विचारतात. स्वतःच्याच गावात जन्मभर पाहुणा म्हणून राहायची मला भीती वाटते, ताई. पैज मी गमतीत लावली होती खरी, पण ती जिंकावी की हरावी हे माझं मलाच ठरत नव्हतं.

पैज ही पैज. शेवटचं खोकं पाठवतोय, त्याचा निकाल येईपर्यंत सही करत नाही. कप्तान जानेवारीच्या दहा तारखेपर्यंत थांबायला तयार आहे. पण एखादी बाटली जिंकलीच तर वाईट वाटून घेऊ नकोस. नवं लग्न आणि घरात भाऊ, अशी अडचण तुला नको.

खोक्यात मधल्या फेरीत मुंबईला घेतलेली एक बाटली आहे. तिच्या लेबलावरची अक्षरं बघ, दोरीवर ओळीने कपडे वाळत घातल्यासारखी दिसतात. काय लिहिलंय देव जाणे. बाकी मठातल्या भरपूर घातल्यात. लग्नात प्या.

तुझा,
नेमेसियो


सान पेद्रो दे माकोरिस
९ डिसेंबर १९९६

गाढवा,

माझा चष्मा तांदळाच्या मापाखाली येऊन फुटला, म्हणून तुझं पत्र बेनान्सियोने बाकावर बसून वाचलं. मोठ्याने. मैदानावर वाचतात तसं. तू माझं लग्न लावून दिलंस तेव्हा दुकानात साबण घ्यायला आलेल्या चार बायका होत्या आणि त्यातली एक मिलाग्रोस होती, म्हणजे संध्याकाळपर्यंत नदीपलीकडेही कळलं. एलिहियो तिथेच उभा, हातात थापी. बूट आणि आंघोळीचं वाक्य आलं तेव्हा सगळा बाक खो खो हसला आणि त्याचे कान लालबुंद झाले. दुसऱ्या दिवशी माणूस इस्त्रीचा शर्ट घालून सिमेंट कालवायला आला. आता रोज येतो तसाच. याची जबाबदारी तुझी.

लग्नबिग्न काही नाही. पलंगाचं तू विचारायचं नाहीस.

आता पैजेचं. हे पत्र मिलाग्रोसचा चष्मा लावून लिहितेय, अक्षर वाकडं आलं तर चालवून घे.

तुझं खोकं आलं. मी सगळ्या बाटल्या नेहमीसारख्या तळाशी रचल्या आणि त्याच दिवशी कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर असा फुटला की न्हाव्याने गिऱ्हाइकाची अर्धी मिशी उडवली. वीज गेली ती गेलीच. नेहमीची जाते तशी नाही. आज येईल, उद्या येईल करत शनिवार उजाडला. गावातला बर्फ संपला. फ्रीजर उघडला तर आत कोमट तळं आणि त्यात जगभरच्या बाटल्या पोहताहेत. वर दुपारचं ऊन. बाक घामाघूम. बेनान्सियो म्हणाला, "ओनेइदा, आज गारव्याचा नियम रद्द. तहानेने मेलो तर निकाल कोण देणार?"

मी आईची क्षमा मागितली आणि मठातली उघडली.

नेमेसियो, वास आधी आला. मी नाक घातलंही नव्हतं. काळा गूळ, लवंग, पिकून काळं पडलेलं केळं, आणि मागून काहीतरी आईच्या नाताळच्या कपाटाचं. दुकानातली बोलणी थांबली. आमच्या बाकावर आजपर्यंत एवढी शांतता फक्त आपला संघ हरल्यावर पडलेली आहे. एलिहियोने पेला रिकामा केला आणि न बोलता पुन्हा पुढे केला. बेनान्सियोने नियमाप्रमाणे डोळे मिटले होते ते उघडायलाच तयार नव्हता. गालांवरून पाणी आलं त्याच्या. म्हणाला, घाम आहे.

मग आम्हाला चेव चढला. मागे ठेवून दिलेल्यासुद्धा सगळ्या उघडल्या. इंग्लंडची काळी म्हणजे सकाळची कॉफी निघाली रे, चांगली खरपूस. आणि आम्ही तिला लोखंडी पळी म्हणालो! जर्मनीची तर केळ्याचा मळाच. मुंबईवालीला एकटीला प्यायल्यावर बेनान्सियोने मान हलवली, "हिला जोडीला मासळी पाहिजे." मी लगेच चार मासे तिखट लावून तळले. मग ती काय रंगात आली! त्या वाळत घातलेल्या अक्षरांत बहुतेक तेच लिहिलं असेल, की मासे तळा.

आणि शेवटी आपली.

कोमट आपली मी जन्मात प्यायले नव्हते. सान पेद्रोत कोणीच प्यायलं नसेल. काय सांगू तुला? कालच्या भाताची पेज. तीही मीठ न घातलेली. एलिहियोने तोंडात धरली आणि गिळायची की थुंकायची हे त्याला ठरवता येईना, कारण समोर मी होते.

बेनान्सियो उठला. दोन्ही हात आडवे पसरले, नाबादची खूण. हळूच म्हणाला, "सेफ. मठातली सेफ."

सगळा बाक माझ्यावर तुटून पडला. लिही, आऊट म्हणून! त्याला काय कळतंय तिकडे! मिलाग्रोस तर म्हणाली, खोटं मी सांगते, तू फक्त लिही. आणि मी लिहिलंही. सुंदर लिहिलं होतं, 'आपण पुन्हा जिंकलो' म्हणून. मग फाडलं. मी तराजूत कोणाला मूठभर तांदूळ कमी घातलेला नाही, तुला कशी घालू?

तू जिंकलास. सही कर. आजपासून माझं तुणतुणं बंद.

बंद करण्याआधी एकदाच सांगते. मला तू इथे हवा होतास. दुसरं कारण नाही. म्हातारपणी ज्याच्याशी भांडावं असं माझं दुसरं कोणी नाही. बाकीच्यांशी भांडते ती सवय म्हणून.

तुझी ताई,
ओनेइदा

नेमेसियो, मी एलिहियो लिहितोय. ती आत मासे बघायला गेलीय, पाकीट अजून चिकटवलेलं नाही. माझं अक्षर विटा रचल्यासारखं आहे, सांभाळून घे. ती मानी आहे, सांगणार नाही. म्हणते, पैज हरल्यावर दया मागितल्यासारखं होईल. खोली तुझी आहे. तुमच्या वडिलांनी वरच्या मजल्यासाठी ज्या लोखंडी सळ्या उभ्या सोडल्या होत्या ना, गच्चीवर, ज्यांना तू लहानपणी पतंग बांधायचास, त्यांच्यावरच उभी केली. खिडकी नदीकडे. पलंगही तुझाच. मी फक्त लांबी मोजायला गेलो होतो, कारण तुझी उंची तिला आठवते तेवढी आहे की नाही याची मला शंका होती. पश्चिमेच्या भिंतीत तुझ्या रिकाम्या बाटल्या बसवल्यात, सगळ्या बंदरांच्या. चार वाजता ऊन आलं की पलंगावर तपकिरी आणि हिरवा उजेड पडतो. तिथे बसून ती कधीकधी रडते, मला म्हणते सिमेंट डोळ्यात गेलं. भिंतीत एक भोक ठेवायला लावलंय. कुठल्या बाटलीसाठी ते सांगत नाही. तुला जे करायचं ते कर. आणि लग्नाचं म्हणशील तर मी नाही म्हणालेलो नाही. मला कोणी विचारलेलं नाही. आली ती. एलिहियो.


रॉटरडॅम
३ जानेवारी १९९७

ताई,

हे पत्र बाकावर वाचायचं आहे. बेनान्सियोने, मोठ्याने. माझं त्याच्याकडे अपील आहे.

पंचसाहेब, शनिवारचा निकाल मला मान्य नाही. माझ्या बाजूने लागला तरी मान्य नाही. कारण ऐका. बाकाने आधी परदेशी बाटल्यांना बर्फाचा झगा घातला, जो त्यांचा नव्हे, आणि त्यांना हरवलं. तेव्हा मी ओरडलो ते बरोबरच होतं. मग शनिवारी त्याच बाकाने आपल्या बिअरचा झगा काढून घेतला आणि तिला भर उन्हात उघडी उभी केली. तेव्हा कोणीच कसं ओरडलं नाही? मठातली तळघराच्या गारव्याची, इंग्लंडची काळी त्यांच्या धुक्यातली, मुंबईवाली मासळीच्या बाजूला. तशी आपली झग्यातली. आणि नुसत्या झग्यातली नव्हे. ती उकाड्यातली, बाचाताची गाणी वाजताहेत, बूट काढलेत, मोठी बाटली मध्ये आणि सगळ्यांचे छोटे पेले भोवती, अशी. मी एकदा इथल्या एका दुकानात तिची बाटली बघितली होती. धावत जाऊन घेतली. बाहेर बर्फ पडत होता, मी एकटा, बंदरावरच्या थंड बाकड्यावर. दोन घोट प्यायलो आणि राहू दिली. चव तीच होती, पण समोर ओरडायला कोणी नव्हतं. हे मी तुला कधी लिहिलं नाही.

तेव्हा दोन्ही निकाल रद्द. सामना पुन्हा खेळवला पाहिजे, प्रत्येक बाटली तिच्या तिच्या थाटात, आणि या वेळी तक्रारदाराच्या स्वतःच्या जिभेने. पत्राने आता काही जमायचं नाही.

कप्तानाला कागद परत केला. कोरा. त्याने विचारलं, का? मी म्हटलं, माझ्या बहिणीने भिंतीत भोक ठेवलंय. तो म्हणाला, मग वारा येत असेल, जा लवकर.

ताई, एलिहियोवर चिडू नकोस. त्याने सांगितलं म्हणून येत नाहीये. खरं सांगू? त्याने सांगितलं म्हणूनच येतोय. ते चार ओळींचं वाचून मी रवा भाजता भाजता एवढा रडलो की सगळे खलाशी धावत आले, त्यांना वाटलं भाजलो. मला माझी जागा आहे, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. तुला वाटलं असेल, ते सांगावं लागत नाही. लागतं, ताई.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पोचतो. सोबत मठातल्या आठ आहेत. माझी उंची तेवढीच आहे, पोट वाढलंय.

नेमेसियो

ता. क. एलिहियो, तुला कोणी विचारायची वाट बघू नकोस. माझ्या ताईला ओळखतोस ना? ती विचारणार नाही, फक्त दुसरा पलंग बघायला नेईल.


गच्चीवरची खोली
६ फेब्रुवारी १९९७, दुपारचे चार

ताई,

आशीर्वाद दे. हे पत्र तू मिरच्या वाळवायला ठेवलेल्या टोपलीतून दोरीने खाली सोडतोय, फळीवर अलगद उतरेल. बावीस वर्षांची सवय, तुला काही मागायचं तर लिहूनच मागता येतं.

आत्ताच डोळा उघडला. पलंगावर हिरवा उजेड पडलाय, पायाशी तपकिरी. अँटवर्प ओळखता आलं, हँबर्ग ओळखता आलं. त्या भोकातून मात्र झकास वारा येतोय आणि खाली बेनान्सियो कोणालातरी शिव्या देतोय ते सगळं स्पष्ट ऐकू येतंय. तेव्हा ते भोक बुजवायला ज्या बाटलीसाठी ठेवलंस ती वर पाठव. टोपली रिकामी आहे.

नेमेसियो


(त्याच कागदाच्या मागे)

देव तुझं भलं करो. इथे टोपलीतून बिअर जात नाही. ती बाटली आधी रिकामी करावी लागते, मगच भिंतीत बसते. आपली फ्रीजरमधून काढलीय, झगा घालून फळीवर उभी आहे, बाक सरकून बसलाय, एलिहियोने बूट घातलेत. वितळायच्या आत खाली ये.